न उठलेली सर्कस

आपल्याकडे सर्कस येते आणि उठते. गावाबाहेरच्या मैदानात एके दिवशी खांब उभे राहतात, कनाती लागतात, महिना-दीड महिना रात्री दिव्यांची माळ लांबून दिसते, आणि मग एका सकाळी तिथे भुशाचं एक मोठं वर्तुळ तेवढं उरतं. ‘सर्कस उठली’ असं आपण म्हणतो, बाजार उठावा तसं. त्यामुळे सर्कस म्हणजे फिरस्ती, हे आपल्या मनात इतकं पक्कं आहे की सर्कशीला पत्ता असू शकतो, दगडी भिंती असू शकतात, हे पटकन ध्यानातच येत नाही.

पॅरिसच्या पूर्व भागात, र्‍यू आम्लो नावाच्या रस्त्यावर, ११० क्रमांकाची इमारत ही अशी पत्ता असलेली सर्कस आहे. नाव ‘सर्क दिव्हेर’, म्हणजे हिवाळी सर्कस. १८५२ च्या डिसेंबरात ती तिथे बसली आणि अजून उठलेली नाही. साम्राज्यं गेली, दोन महायुद्धं झाली, मालक बदलले, मधली सोळा वर्षं इमारतीत सिनेमा चालला. पण सर्कशीसाठी बांधलेली आणि आजही सर्कस होत असलेली जगातली सर्वांत जुनी वास्तू म्हणून तिचंच नाव घेतलं जातं.

मला या वास्तूचं कुतूहल वाटतं ते तिच्या वयामुळे तितकंसं नाही. घर मिळाल्यावर सर्कशीचं काय होतं, हे तिच्या इतिहासात फार स्पष्ट दिसतं. फिरती सर्कस दर महिन्याला गाव बदलते. प्रेक्षक नवे, म्हणून खेळ जुना असला तरी चालतो. एकाच शहरात ठाण मांडून बसलेल्या सर्कशीला ती सोय नाही. समोर तेच पॅरिसकर, याही हिवाळ्यात आणि पुढच्याही. गाव बदलता येत नाही, तेव्हा खेळ बदलावा लागतो. आज ज्याला आपण सर्कशीचे हुकमी खेळ म्हणतो, त्यांतला सगळ्यात देखणा खेळ या गरजेच्या पोटी, याच छताखाली पहिल्यांदा लोकांसमोर आला.

पण आधी रिंगणाबद्दल सांगायला हवं, कारण इमारतीच्या आधी रिंगण आलं.

१७६८ मध्ये लंडनमध्ये फिलिप ॲस्टली या निवृत्त घोडदळ सार्जंटने थेम्सच्या दक्षिणेला एका मोकळ्या जागेत घोडेस्वारीचे खेळ लावले. घोडेस्वारीच्या कसरती त्याआधीही होत, पण स्वार सरळ रेषेत दौडत जाई आणि प्रेक्षकांच्या नजरेआड होई. ॲस्टलीने घोडा वर्तुळात फिरवला. प्रेक्षकांना सगळा खेळ समोर दिसू लागला, हा एक फायदा. दुसरा फायदा स्वाराचा. गोल फिरणारा घोडा आतल्या बाजूला कलतो, पाठीवर उभा राहिलेला स्वारही त्याच्याबरोबर कलतो, आणि त्या कललेल्या स्थितीत त्याचे पाय घोड्याच्या पाठीवर अधिक दाबून बसतात. सरळ धावणाऱ्या घोड्यावर उभं राहणं त्यापेक्षा अवघड असतं. वारीतल्या गोल रिंगणात माउलींचा अश्व धावताना ज्यांनी जवळून पाहिला आहे, त्यांना त्या घोड्याचं आत झुकणं आठवेल.

वर्तुळ किती मोठं हवं, हेही ॲस्टलीने करून बघून ठरवलं. फार लहान असेल तर घोड्याला संथ दौडीची एकसारखी लय धरता येत नाही. फार मोठं असेल तर तो कल कमी होतो, आणि मधोमध उभ्या असलेल्या शिक्षकाच्या लांब चाबकाचं टोक घोड्यापर्यंत पोचत नाही. हे सगळं जमतं ते ४२ फुटांच्या, म्हणजे साधारण १३ मीटर व्यासाच्या वर्तुळात. हे माप जगभर रूढ झालं आणि टिकलं, त्यामागेही घोडाच आहे. एका मापाच्या रिंगणात पावलं मोजायला शिकलेला घोडा दुसऱ्या मापाच्या रिंगणात बिचकतो. लंडनचा घोडा पॅरिसला, पॅरिसचा पीटर्सबर्गला खेळवायचा तर रिंगण सगळीकडे सारखंच हवं. आज ज्या सर्कशीत एकही घोडा नाही तिचंही रिंगण बहुतेक वेळा तेवढंच असतं.

ॲस्टलीनेच पुढे पॅरिसमध्ये एक गोल प्रेक्षागृह उभारलं. फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत इंग्रज माणसाला तिथे राहणं अशक्य झालं, आणि त्याची जागा आंतोनिओ फ्रांकोनी या मूळच्या इटालियन खेळियाने घेतली. फ्रांकोनी आणि त्याची मुलं-नातवंडं यांनी फ्रान्सला सर्कशीची गोडी लावली. सर्कस त्या काळात जवळजवळ सगळीच घोड्यांची होती. मधेमधे दोरीवरचे खेळ, कोलांट्या, विदूषक असायचे, पण ते घोड्यांना दम घ्यायला वेळ मिळावा म्हणून. तिकीट काढून येणारा माणूस घोडे बघायला यायचा, आणि तो पुष्कळदा घोड्यांतलं कळणारा असायचा. रस्त्यावर, सैन्यात, शेतात सगळीकडे घोडा होता. कोणता स्वार खरा आणि कोणता नुसता देखावा करणारा, हे गाडीवानालाही उमगत असे.

या परंपरेत लुई देजाँ आला. तो स्वार नव्हता, धंद्याची चांगली जाण असलेला चालक होता. १८४१ मध्ये त्याने शाँझेलिझेच्या झाडीत एक उन्हाळी सर्कस बांधून घेतली. पॅरिसचे श्रीमंत उन्हाळी संध्याकाळी तिथे फिरायला येत, तेव्हा जागा उत्तम होती. हिवाळ्यात मात्र तिथे चिटपाखरू नसे. मग हिवाळ्यासाठी वेगळी वास्तू हवी, शहराच्या जुन्या नाटकवस्तीजवळ, बंदिस्त, उबदार, गॅसच्या झुंबरांनी उजळलेली. देजाँने बुलव्हार द्यू ताँप्लच्या टोकाजवळची जागा निवडली. या रस्त्यावर नाटकगृहांची रांग होती. तिथे रोज रात्री रंगमंचावर इतके खून, विषप्रयोग आणि अपहरणं होत की लोकांनी रस्त्याचं नाव ‘गुन्ह्यांचा बुलव्हार’ ठेवलं होतं. काही वर्षांनी, १८६२ मध्ये, ओस्मान या अधिकाऱ्याने केलेल्या शहर-पुनर्रचनेत ती नाटकगृहं जवळपास सगळी पाडली गेली. कडेला असलेली सर्कस वाचली.

दोन्ही सर्कशींचा वास्तुकार एकच, याकोब इग्नात्स हितॉर्फ. जर्मनीतल्या कोलोनचा जन्म, शिक्षण आणि कारकीर्द पॅरिसमध्ये. पॅरिसला उत्तरेकडून येणारे प्रवासी ज्या भव्य गार द्यू नॉर स्थानकावर उतरतात, ते पुढे त्यानेच बांधलं. तरुणपणी तो सिसिलीतली ग्रीक मंदिरं बघायला गेला होता आणि तिथून एक ठाम मत घेऊन परतला: ही मंदिरं मुळात पांढरी नव्हती, ती रंगवलेली होती. आज हे सगळे मान्य करतात. त्या काळी मात्र शुभ्र संगमरवरावर प्रेम करणाऱ्या विद्वानांना ते सहन होत नव्हतं. हितॉर्फने वाद लेखांत घातलाच, पण इमारतींतही घातला. सर्कशीच्या भिंतीला त्याने रंग दिले, बाहेरून शिल्पपट्टी फिरवली. गंभीर सरकारी इमारतीला लाल-निळा-सोनेरी रंग द्यायची परवानगी त्याला कोणी दिली नसती. सर्कशीत ती मिळाली. ग्रीक मंदिराबद्दलचा एक विद्वज्जड सिद्धान्त घोड्यांच्या खेळाच्या घरावर रंगवला जातो, हे मला या वास्तूतलं फार सुंदर वाटतं.

इमारत वीस बाजूंची आहे, प्रत्येक कोपऱ्यावर एक खांब. बाजू इतक्या आहेत की लांबून ती गोलच वाटते. दरवाजाच्या दोन्ही अंगांना घोड्यांवर बसलेले ब्राँझचे पुतळे आहेत. एका बाजूला ॲमेझॉन, ग्रीक पुराणातली लढवय्यी स्त्री, ती शिल्पकार प्राद्येची. दुसऱ्या बाजूला योद्धा, तो द्युरे आणि बोसिओ यांचा. आत शिरल्यावर आसनांच्या ओळी उतरत उतरत रिंगणाच्या काठापर्यंत येतात, रोमन रंगभूमीसारख्या. या सगळ्यावरचं छप्पर मधल्या एकाही खांबावर टेकलेलं नाही. त्याचा सगळा भार भोवतालच्या भिंतीवर आणि खांबांवर उतरतो.

मधे खांब नसणं म्हणजे काय, हे तंबूत सर्कस पाहिलेल्यालाच नीट कळेल. तंबूचे मोठे खांब कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यांपुढे येतातच. इथे तो अडथळा गेला. आणि नजर मोकळी झाली तशी वरची हवाही मोकळी झाली. रिंगणाच्या वर, छताखाली, आडव्या दिशेने पुरेसं अंतर पार करता येईल अशी जागा निर्माण झाली. हितॉर्फने ती घोडे बघायला येणाऱ्यांसाठी मोकळी ठेवली होती. तिचा उपयोग सात वर्षांनी दुसऱ्यानेच केला.

पायाभरणी १८५२ च्या एप्रिलमध्ये झाली आणि उद्घाटन ११ डिसेंबरला. मधल्या काळात देशच बदलला होता. २ डिसेंबरला लुई नेपोलियनने प्रजासत्ताक मोडून स्वतःला सम्राट तिसरा नेपोलियन म्हणून घोषित केलं होतं. साम्राज्य नऊ दिवसांचं असताना सर्कशीचं दार उघडलं, आणि नाव ठेवलं गेलं ‘सर्क नापोलेओं’. १८७० मध्ये प्रशियाशी झालेल्या युद्धात ते साम्राज्य कोसळलं तसं नाव बदलून ‘राष्ट्रीय सर्कस’ झालं, आणि १८७३ पासून साधं ‘हिवाळी सर्कस’. ऋतूचं नाव घेतल्यावर पुन्हा बदलायची वेळ आली नाही.

आता तो खेळ.

तुलूझ शहरात लेओतार नावाचे एक गृहस्थ व्यायामशाळा चालवत. तिथे पोहण्याचा तलावही होता. मुलगा ज्यूल वकिलीच्या अभ्यासाला लागणार होता, पण त्याचं मन व्यायामशाळेतच रमलं. तलावावर वरून दोऱ्या आणि आडवे दांडे टांगून तो एका झुल्यावरून दुसऱ्या झुल्यावर उडी मारायचा सराव करायचा. चुकला तर पाण्यात. झुला नवा नव्हता. स्थिर झुल्यावर लोंबकळून कसरत करणारे खेळाडू आधीपासून होते. झुला सोडून द्यायचा आणि मधली हवा ओलांडायची, ही कल्पना नवी.

त्यातलं गणित बघण्यासारखं आहे. झुला म्हणजे लंबक. त्याच्या एका हेलकाव्याला लागणारा वेळ जवळपास पूर्णपणे दोरीच्या लांबीवर ठरतो, टांगलेल्या माणसाच्या वजनावर नाही. चार मीटर लांबीची दोरी असेल तर पुढे जाऊन परत मूळ जागी यायला साधारण चार सेकंद लागतात, मग दांड्याला हडकुळा मुलगा लटकलेला असो की पहिलवान. म्हणजे झुल्याची वेळ पक्की असते. बदलता येतो तो सोडण्याचा क्षण. झुला पुढच्या टोकाला पोचतो तेव्हा एक निमिष तो ना पुढे जात असतो ना मागे. त्याच्या किंचित आधी हात सोडले तर शरीर पुढे आणि वर जातं, मग पडायला लागण्यापूर्वी अंगाला वजनच नसल्यासारखा एक क्षण मिळतो. तेवढ्यात समोरून सोडलेला दुसरा दांडा हाताशी यायला हवा. तो सोडणाऱ्याने अर्धा सेकंद उशीर केला तर हाताशी हवा येते. नंतरच्या पिढ्यांनी यात झेलणारा जोडीदार आणला, खाली जाळं आणलं. लेओतारला यांतलं काहीच नव्हतं. त्याच्या खाली उंच केलेल्या मंचावर गाद्या अंथरलेल्या असत, एवढंच.

१२ नोव्हेंबर १८५९ च्या रात्री त्याने सर्क नापोलेओंमध्ये हा खेळ पहिल्यांदा लोकांपुढे केला. तीन झुले, एकावरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून तिसऱ्यावर, आणि मधल्या हवेत कोलांटीसुद्धा. आतापर्यंत सर्कस मुख्यतः जमिनीवरच होती. घोड्याच्या पाठीएवढी तिची उंची. त्या रात्री प्रेक्षकांच्या माना वर गेल्या. हे अगदी शब्दशः घ्यायला हरकत नाही. आजही बहुतेक सर्कशींत शेवटचा मानाचा खेळ झुल्यांचाच असतो आणि सगळा तंबू मान वर करून बसलेला असतो.

लेओतार पॅरिसमध्ये आणि मग लंडनमध्ये प्रचंड गाजला. खेळताना कापड कुठे अडकू नये म्हणून त्याने अंगाला चिकटून बसणारा एकसंध विणलेला पोशाख घातला होता. पुढे तो पोशाख नर्तकांनी घेतला, जिम्नॅस्टांनी घेतला, आणि इंग्रजीत त्याला ‘लिओटार्ड’ म्हणू लागले. आज भारतातल्या कुठल्याही जिम्नॅस्टिक्स स्पर्धेत मुली जो पोशाख घालतात त्याला तुलूझच्या त्या मुलाचं नाव आहे. त्याला स्वतःला हे कळलं नाही. १८७० मध्ये, तिशीच्या आसपास, तो आजाराने गेला. शब्द नंतर रुळला.

मला वारंवार वाटतं की हा शोध तंबूत लागणं कठीण होतं. खांबांची अडचण होतीच. झुले टांगायला पक्कं, न हलणारं छत हवं. अंतरं रोज तीच हवीत, कारण दोरीची लांबी आणि दोन झुल्यांमधली जागा इंचभर बदलली तरी वेळ चुकते. आणि दर मोसमाला काही नवं दाखवावंच लागेल असा, एकाच शहरात अडकलेला देजाँसारखा मालक हवा. इतकं सगळं एके ठिकाणी मिळालं ते या घरात.

दोन वर्षांनी याच रिंगणात वेगळंच काही घडलं. त्या काळी पॅरिसमध्ये सिंफनी ऐकायची तर संगीतविद्यालयाच्या संस्थेच्या मैफलींना जावं लागे. जागा थोड्या, त्या वर्षानुवर्षं ठरावीक घराण्यांकडे. सामान्य माणसाने बेथोव्हनचं नाव ऐकलेलं असे, संगीत नाही. ज्यूल पादलू नावाच्या संगीतसंचालकाच्या मनात आलं की रविवारी दुपारी सर्कस रिकामीच असते. हजारो आसनं, स्वस्त तिकीट लावलं तरी खर्च निघेल. २७ ऑक्टोबर १८६१ रोजी त्याने तिथे ‘लोकांसाठी शास्त्रीय संगीताच्या मैफली’ सुरू केल्या. पहिल्याच दिवशी बेथोव्हनची ‘पास्तोराल’ सिंफनी होती. रिंगणात वाद्यवृंद बसला, आणि चारी बाजूंना कारकून, विद्यार्थी, दुकानदार, कारागीर. हॉल भरला, आणि पुढची दोन दशकं दर हंगामात भरत राहिला. पादलूने तिथे वाग्नर वाजवला तेव्हा टाळ्या आणि शिट्ट्या यांची लढाई व्हायची. बिझेच्या ‘आर्लेझिएन’ सुइटचं पहिलं वादन १८७२ मध्ये इथेच झालं. सर्कशीसमोरच्या चौकाला आज पादलूचंच नाव आहे.

घोड्यांच्या लिदीचा वास असलेल्या जागेत अभिजात संगीत, यावर त्या वेळी नाकं मुरडली गेली असतील. मराठी वाचकाला मात्र यात नवल वाटू नये. आपल्याकडे सर्कस आणली ती मुळी एका गाणाऱ्या माणसाने. सांगलीकडचे विष्णुपंत छत्रे उत्तम अश्वशिक्षक होते आणि ग्वाल्हेरला हद्दू खाँसाहेबांकडे गाणंही शिकले होते. १८७९ च्या सुमारास जुझेप्पे कियारिनीची इटालियन सर्कस मुंबईला आली. ती बघून असे खेळ आपण का करू नयेत, या ईर्षेने छत्र्यांनी १८८० मध्ये ‘ग्रेट इंडियन सर्कस’ काढली. पुढे हद्दू खाँचे चिरंजीव रहिमत खाँ विपन्नावस्थेत सापडले तेव्हा विष्णुपंतांनी त्यांना सांभाळलं आणि सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. ज्या गावांना घराणेदार ख्याल ऐकायला मिळण्याची शक्यता नव्हती, तिथल्या लोकांनी ‘भूगंधर्वा’ची तान ऐकली ती सर्कशीमुळे. पॅरिसच्या पादलूला आणि सांगलीच्या छत्र्यांना एकमेकांची खबर असण्याचं कारण नाही, तरी गाणं मोठ्या घोळक्यापर्यंत न्यायचं तर जिथे घोळका आधीच जमतो तिथे न्यावं, हे दोघांनाही उमगलं होतं.

छत्र्यांमागून देवल, कार्लेकर आणि इतर कितीतरी मराठी सर्कशी निघाल्या. पुण्याचे दामू धोत्रे वाघ-बिबळ्यांचे शिक्षक म्हणून इतके नावाजले की आल्फ्रेद कूर या फ्रेंच प्राणिशिक्षकाबरोबर काम करून पुढे १९४० मध्ये अमेरिकेच्या सर्वांत मोठ्या सर्कशीत गेले. माणसं होती, घोडे होते, कसब होतं. पण पुण्या-मुंबईत किंवा सांगलीत सर्कशीचं पक्कं घर मात्र कधी उभं राहिलं नाही. शहरांनी नाट्यगृहं बांधली, सर्कशीला मैदान भाड्याने दिलं. याची खंत मला वाटते. घर असतं तर त्या मंडळींची साधनं, कागदपत्रं, शिकवण्याच्या पद्धती कुठेतरी साठून राहिल्या असत्या.

युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी शहराला स्वतःची सर्कस असणं प्रतिष्ठेचं झालं होतं. सेंट पीटर्सबर्गमध्ये चिनिझेल्ली, मॉस्कोत सालामोन्स्की, ॲमस्टरडॅममध्ये कारे; आमिआँ या फ्रेंच शहराच्या नव्या पक्क्या सर्कशीचं उद्घाटन १८८९ मध्ये तिथल्या एका नगरसेवकाने केलं, त्याचं नाव ज्यूल व्हर्न. एकट्या पॅरिसमध्ये त्या काळात चार-पाच पक्क्या सर्कशी होत्या. माँमार्त्रच्या पायथ्याशी फर्नांदो सर्कस होती. चित्रकार देगाने दातांनी दोरी धरून छताशी लटकणारी मिस ला ला चितारली ती तिथली, आणि सराचं ‘सर्कस’ हे शेवटचं, अपूर्ण राहिलेलं चित्र तिथलंच. पुढे तिलाच मेद्रानो सर्कस म्हणू लागले. सँत ओनोरे रस्त्यावरच्या ‘नव्या सर्कशी’त रिंगण खाली जाऊन पाण्याने भरायचं. तिथेच फुटीट आणि शोकोला या जोडीने विदूषकी गाजवली. यांतला शोकोला म्हणजे राफाएल, क्युबात गुलामगिरीत जन्मलेला, आणि फ्रेंच रिंगणातला पहिला मोठा कृष्णवर्णीय कलावंत.

हिवाळी सर्कस सोडली तर पॅरिसमधल्या या सर्कशींपैकी एकही आज उभी नाही. शाँझेलिझेवरची उन्हाळी बहीण विसाव्या शतकाच्या तोंडावर पाडली गेली, ‘नवी’ १९२६ मध्ये बंद पडली, मेद्रानो १९७० च्या दशकात जमीनदोस्त होऊन तिथे इमारत झाली. जागेचा भाव हे एक कारण. दुसरं, घोडा रस्त्यावरून गेला. मोटारी आल्यावर घोडेस्वारीतलं बारीक कसब ओळखणारा प्रेक्षकच उरला नाही. तिसरं कारण पडद्यावर आलं होतं.

हिवाळी सर्कशीवरही तीच पाळी आली. १९०७ मध्ये फ्रांकोनी घराण्यातला शेवटचा चालक बाजूला झाला आणि इमारत पाथे कंपनीचं सिनेमागृह बनली. रिंगणाच्या घरात माणसं एका दिशेला तोंड करून बसू लागली. मधे १९१९ मध्ये दिग्दर्शक फिर्मँ जेमिएने तिथे इडिपसची शोकांतिका मोठ्या जमावासह उभी केली, कारण त्याला प्रेक्षकांच्या मधोमध नाटक हवं होतं आणि तशी जागा शहरात दुसरी नव्हती. १९२३ मध्ये गास्तों देप्रेने इमारत पुन्हा सर्कशीकडे आणली. पाडायला महाग आणि दुसऱ्या कशाला फारशी सोयीची नाही, अशी ही गोल वास्तू होती. तिच्या आकारानेच तिला वाचवलं असं मला वाटतं.

परत आलेली सर्कस घोड्यांची नव्हती. देप्रेने कलेची सूत्रं दिली ती तीन विदूषकांच्या हाती: पॉल, फ्रांस्वा आणि आल्बेर फ्रातेल्लिनी. विदूषकांची जोडी तोवर ठरलेली असे. एक पांढरा चेहरा, चमचमता पोशाख, हुकूम सोडणारा. दुसरा ढगळ कपड्यातला, सगळीकडे घोटाळे करणारा. फ्रातेल्लिनींनी तिघांचं कुटुंब केलं. फ्रांस्वा देखणा आणि पांढरा. आल्बेर भलामोठा रंगवलेला चेहरा, लाल नाक, भिवया कपाळावर चढलेल्या. जगभरच्या जोकरांनी पुढे हाच चेहरा उचलला. आणि पॉल या दोघांच्या मधला, एखाद्या भल्या नोटरी-कारकुनासारखा, एका भिंगाचा चष्मा लावलेला, दोघांचीही समजूत घालता घालता स्वतःच गोंधळणारा. हा मधला माणूस हीच त्यांची खरी भर. कवी, चित्रकार त्यांच्या कपड्यांच्या खोलीत गर्दी करत. पॉलची नात ॲनी फ्रातेल्लिनी हिने १९७० च्या दशकात पॅरिसमध्ये सर्कशीची शाळा काढली, आणि सर्कशीच्या घरात न जन्मलेल्या मुलांना रिंगणाचं दार उघडलं.

१९३४ मध्ये बुग्लियोन बंधूंनी सर्कस विकत घेतली. हे रोमा, म्हणजे भटक्या जमातीचं घराणं. पिढ्यान्‌पिढ्या जनावरांचे खेळ करत गाडीतून फिरणारं. त्यांनी वर येण्यासाठी केलेली एक युक्ती प्रसिद्ध आहे. अमेरिकेचा खेळवाला बफेलो बिल याच्या जुन्या दौऱ्यातली न वापरलेली जाहिरातपत्रकं त्यांना ढिगाने मिळाली, तेव्हा १९२० च्या दशकात त्यांनी आपल्या तंबूला बफेलो बिलचंच नाव देऊन टाकलं आणि ती पत्रकं गावोगाव चिकटवली. ज्यांना कुठल्याही गावात फार दिवस थांबू दिलं जात नसे, त्या लोकांच्या हाती आता सम्राटाने उद्घाटन केलेलं दगडी घर आलं.

त्या घराची थोरली बाई होती रोझा बुग्लियोन. १९१० मध्ये बेल्जियममध्ये, फिरत्या गाडीत तिचा जन्म झाला. जोसेफ बुग्लियोनशी तिचं लग्न लागलं ते सिंहांच्या पिंजऱ्यात, वय सतरा. तरुणपणी ती जनावरांच्या पिंजऱ्यात नृत्य करत असे. नवरा गेल्यावरही घराण्यात तिचा शब्द शेवटचा होता. २०१८ मध्ये १०७ व्या वर्षी ती गेली, तेव्हा या इमारतीच्या निम्म्याहून जास्त आयुष्याची ती साक्षीदार होती.

बुग्लियोनांच्या काळात, १९५५ मध्ये, दिग्दर्शक कॅरोल रीडने ‘ट्रॅपीझ’ चित्रपटाचं चित्रण इथे केलं. बर्ट लँकेस्टर, टोनी कर्टिस, जीना लोलोब्रिजिदा. लँकेस्टर नट होण्यापूर्वी खरोखरच सर्कशीत कसरती करायचा, त्यामुळे झुल्यावरचं बरंच काम त्याने स्वतः केलं. गोष्ट होती हवेत तीन कोलांट्या मारण्याच्या हट्टाची. लेओतारच्या छताखाली ती घडवणं हे योग्यच झालं.

१९७५ मध्ये इमारतीला ऐतिहासिक स्मारकाचा दर्जा मिळाला. पाडायची भीती गेली, पण पोट भरायचा प्रश्न स्मारकालाही असतो. बुग्लियोन हॉल भाड्याने देतात: फॅशनचे कार्यक्रम, सभा, मैफली, चित्रणं. १९९९ पासून घराण्यातल्या तरुण पिढीने हिवाळी प्रयोगांची सूत्रं घेतली आणि दर वर्षी संपूर्ण नवा खेळ, त्याला नवं नाव, असा शिरस्ता घातला. वाद्यवृंद अजून जिवंत असतो, कलाकारांच्या प्रवेशदाराच्या वर बसून वाजवतो. झुल्यावरचा माणूस चुकला तर बँडमास्टर तेच कडवं पुन्हा घेतो, ध्वनिमुद्रित संगीताला हे कधी जमायचं नाही.

वन्य जनावरांचा काळ मात्र सरत आला आहे. भारतात वाघ, सिंह, अस्वल, माकड यांचे खेळ १९९८ च्या अधिसूचनेने थांबले आणि सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये ते कायम केलं. फ्रान्सने २०२१ मध्ये कायदा करून फिरत्या सर्कशींतले वन्य प्राणी २०२८ पर्यंत बंद करायचं ठरवलं. पिंजऱ्यातल्या लग्नाची गोष्ट आता पुन्हा घडणार नाही, आणि ती घडू नये असंच मला वाटतं.

ऑक्टोबर आला की र्‍यू आम्लोवरच्या त्या वीस कोनी भिंतीवर नव्या नावाची भित्तिपत्रकं लागतात. दारातले दोन ब्राँझचे घोडे जागचे हललेले नाहीत. आत कामगार रिंगणाचा काठ लावतात, मधोमध खुंटी ठोकून दोरीने वर्तुळ तपासतात. तेरा मीटर.